सरांचं परीक्षण
पिठाच्या डब्यावर ठेवलेला मोबाईल थरथरला आणि झाकण टणटण वाजलं. मनवाचा नुकताच डोळा लागला होता. मी धावत जाऊन मोबाईल उचलला.

दुपारी अडीच ते चार आमचं शेवगावातलं घर चिडीचूप असतं. नृसिंह, म्हणजे माझे यजमान, शाळेत शिकवायला गेलेले असतात आणि लेक झोपलेली. तो दीड तास माझा. त्यातच चार दुपारी तुकड्यातुकड्यानं मी तो साडेतीन तासांचा परदेशी सिनेमा पाहिला, मनवाचा पाय पोटावर घेऊन. दीडशे वर्षांपूर्वीचा काळ, जहाजं, युद्ध, द्राक्षांचे मळे, कॅप्टनची वाट बघणारी ती.

फेसबुकवरच्या सिनेमाच्या ग्रुपवर सगळे विरघळले होते. ‘असं प्रेम आता होणे नाही.’ ‘कॅप्टन बारा वर्षांनी परततो तेव्हा ढसाढसा रडलो.’ ‘तो मळा म्हणजे कविताच!’

मला संताप आला. माझं माहेर राहात्याचं, घरची द्राक्षबाग. मी लिहिलं: बारा वर्षं ती एकटीनं मळा सांभाळते आणि शेवटीसुद्धा तिचे हात लोण्यासारखे? छाटणीच्या दिवसांत आईच्या हातांना इतक्या चिरा पडायच्या, की कणीक मळायला ती मला बसवायची. आणि त्या बाईचं पोर? साडेतीन तासांत त्याला एकदाही भूक लागत नाही. कॅप्टन परत आला म्हणून रडताय, रडा. पण तो गेला होता, हे कुणाला आठवतंय का?

आता त्याखाली चारशे अभिप्राय होते. मी आनंदानं वाचत गेले.

‘सर, काय लिहिलंत!’ ‘बाईचं मन इतकं जाणणारा पुरुष विरळा.’ ‘वहिनी भाग्यवान आहेत.’

वहिनी म्हणजे मी. मोबाईल ह्यांचा जुना, त्यातलं खातंही ह्यांचंच. लिहायच्या घाईत नावाकडे लक्षच गेलं नव्हतं.

संध्याकाळी हे आले ते पेढे घेऊनच. “अगं, हेडसरांनी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं!”

“मग सांगितलंत ना, बायकोनं लिहिलंय म्हणून?”

“सगळ्यांसमोर कसं सांगणार? आणि घरातलंच तर आहे, सुचित्रा. त्यात तुझं-माझं काय?”

“मग खाली माझं नाव घाला.”

“आता घातलं तर मी खोटा नाही का ठरणार? चारशे लोकांत!”

त्या चारशे लोकांत मी कुठेच नव्हते, त्याचं काही नाही. मी पेढ्याला हात लावला नाही. मनवालाही लावू दिला नाही. ती रडली, आणि तिला रडवल्याचा रागसुद्धा मला ह्यांचाच आला. मग तिला पोटाशी धरलं आणि गुपचूप अर्धा पेढा भरवला.

रविवारी सकाळी वाचनालयाचे अजिनाथराव आले.

“सर, शनिवारी तुमचं भाषन ठिवायचं हाय. लई भारी लिवलंय. ते छाटणीचं, हाताच्या चिरांचं! तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मास्तरकी, तुमाला हे कसं ठावं?”

हे चष्मा पुसत म्हणाले, “निरीक्षण. दुसरं काय?”

माझ्या आईचे हात, आणि ह्यांचं निरीक्षण. मी कप असा ठेवला, की निम्मा चहा बशीत गेला.

“वैनी, नशीबवान हाय तुमी.”

मी तोंड उघडलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात चोरी पकडली गेलेल्या पोरानं बघावं तसं. आणि मी, मूर्ख, विचारलं, “साखर हवी का अजून?”

“हवी की. मग शनिवार पक्का ना, सर?”

“पक्का,” हे म्हणाले.

मनवा चित्र काढता काढता उठून आली. “पण ते तर आईनं लिहिलंय. मला मांडीवर घेऊन.”

“घ्या! पोरगी आईच्या पार्टीची हाय, सर.” अजिनाथराव खो-खो हसले. हेही हसले, जरा जास्तच.

मनवा हसली नाही. तिनं माझी ओढणी धरून मला खाली ओढलं.

“आई, मग तू का नाही सांगत?”