सकाळचं पाणी

“हे बघ, कसे मोड आलेत!” अनसूयाबाईंनी ओल्या फडक्याची गाठ सोडली आणि कॉटेजच्या चकचकीत टेबलावर वाल पसरले. “घरी गारठ्याने दोन-दोन दिवस येत नाहीत. गाडीत ऊब मिळाली वाटतं.”

सरूने अजून चपलाही काढल्या नव्हत्या. कडेवर मैथिली, खांद्याला मैथिलीची पिशवी, दुसऱ्या हातात कुकर.

“आई, तुम्ही वाल आणलेत?”

“मग? भिजत घालून झाले होते. शरदने एकदम ठरवलं सुट्टीचं, टाकून द्यायचे की काय? आणि काम काय आहे त्यात, नुसतं बसून सोलायचं.”

“आई, आपण हिला आराम द्यायला आलोय,” शरद दारातून बॅगा आत ढकलत म्हणाला.

“मी कुठे नाही म्हणते? बसूनच सोलायचेत.”

मनाली फिसकन हसली. ती शरदची बहीण, ठाण्याला नोकरीला, नाताळच्या सुट्टीत पेणला आलेली. सरूही हसली. हसल्यावर विषय संपतो, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

आराम ही कल्पना शरदची. तो पेणच्या शाळेत शिक्षक. एका रात्री जेवताना त्याने जाहीर केलं, “सरू, तू सात वर्षांत कुठे गेली नाहीस. कोलाडला लाकडी कॉटेज मिळतंय नदीकाठी. दोन दिवस काही करायचं नाही तू.” आईंना बाहेरचं सोसत नाही म्हणून त्याने मुद्दाम स्वयंपाकघर असलेलं कॉटेज घेतलं. मग कुकर आला, तवा आला, खोबऱ्याची वाटी, आमसुलं, गुळाचा डबा आला. गाडीच्या डिकीत अर्धं घर भरताना सरूच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. शरदने मोबाइलवर दाखवलेल्या फोटोत नदी होती, फेसाळलेली, आणि तिच्यात रबरी होडीत बसलेली माणसं.

“यात आपल्याला बसता येतं?” तिने विचारलं होतं.

“राफ्टिंग? भीती नाही वाटणार तुला?”

“नाही.”

इतक्या पटकन आलेल्या उत्तराकडे शरदने जरा नवलाने पाहिलं होतं. त्याची कंबर धरलेली, म्हणून त्याने दोन जागा घेतल्या. एक मनालीची, एक सरूची.

सरू गागोद्याची. तिच्या बाबांनी, हैबतरावांनी, तिला शेतातल्या विहिरीत पोहायला शिकवलं होतं, पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून. “पाय मार गो, पाय! पाणी काय खात नाय तुला.” पुढे कॅन सुटला आणि सरू थेट काठावरून उडी घ्यायला लागली. पाण्याखाली गेलं की वरचा सगळा आवाज बंद व्हायचा. कोणी हाक मारली तरी पोचायची नाही. लग्नानंतर पाणी म्हणजे नळाचं, तेही ठरल्या वेळी येणारं, आणि त्या वेळी हातातलं सगळं टाकून भरायचं. बाथरूमचं दार लावलं तरी बाहेरून कडी वाजायची. “आई, मैथिलीने माझं पुस्तक ओढलं,” हा मोठा, अनय. “सरू, चहात साखर घातलीयस का?”

सामान लावून, मैथिलीला भरवून ती नदीकडे धावली तेव्हा दुपार कलली होती. खाली नुसते दगड होते. मोठमोठे, काळे, आणि मधून पोटरीभर पाण्याची एक धार.

काठावर एक चाळिशीचा माणूस होड्यांत पंपाने हवा भरत होता. मिथुन त्याचं नाव, राफ्ट नेणाऱ्यांपैकी.

“नदी हीच का?” सरूने विचारलं.

“हीच ताई. आता काय नाय हिच्यात. पाणी सकाळी येतं, वरनं सोडतात. वीज काढून झाली की आपल्याला.” तो हसला. “हिची पण फर्स्ट शिफ्ट असते. उद्या या. नऊला पहिली जीप वर जाते, मग दहाला दुसरी. त्यानंतर बसलात तर दगडावर बसाल.”

“मला पोहता येतं,” सरू उगाच म्हणाली.

“मग तर मजाच हाय तुमची. खालच्या संथ पाण्यात उडी मारायला देतो आम्ही.”

ती परत आली ती पायऱ्या दोन-दोन चढत. उद्या नऊ वाजता आपल्यावर कुठलंही काम असता कामा नये, एवढंच तिने ठरवलं. व्हरांड्यात बसून तिने वाल कोमट पाण्यात टाकले आणि सोलायला घेतले. चिमटीत दाबला की दाणा सुळकन बाहेर येतो, साल मागे राहते. समोर शरद झोपाळ्यात आडवा झाला होता, अनयला पोटावर घेऊन. मनाली पुस्तक वाचता वाचता झोपली होती. मैथिली सोललेले दाणे पुन्हा सालींत टाकत होती. सरू ते वेचून काढत होती. दिवेलागणीपर्यंत बोटांना वालांचा उग्र वास लागला, पण परात भरली. तिने कांदा चिरून ठेवला, खोबरं खवलं. उद्या मनालीनेही फोडणी दिली असती, इतकं सगळं तयार होतं.

तेवढ्यात आतून अनसूयाबाईंचा आवाज आला. त्या खिडकीत, जिथे जरा रेंज होती तिथे, फोन कानाला लावून उभ्या होत्या.

“अगो, कोलाडलाच आहोत आम्ही! तुमचं खांब गाव काय, हाकेवर. इतक्या जवळ येऊन भेटायचं नाही म्हणजे काय? या उद्या जेवायला. दाजींना पण आण. छे गो, त्रास कसला! वालाचं बिरडं नि भात. सरू काय, बसलेलीच आहे.”

सरूचा हात परातीत तसाच राहिला.

शरद झोपाळ्यात उठून बसला. “आई, अगं उद्या हिचं राफ्टिंग आहे.”

“जाऊ दे की! मी कुठे अडवते? सीताकाकू जेवायला यायचीय, सकाळी नाही.”

सीताकाकू सकाळी साडेआठला आल्या.

सरू तेव्हा मनालीची ट्रॅक पँट आणि टीशर्ट घालून आरशासमोर केस घट्ट बांधत होती. इतक्या वर्षांनी दोन पाय वेगळे वेगळे दिसत होते. तिला स्वतःचीच गंमत वाटली. तांदूळ धुऊन ठेवले होते, बिरडं मंद गॅसवर होतं, मैथिलीचं मऊ भाताचं खिमट झालं होतं. खालून नदीचा आवाज येत होता. कालची धार नव्हे, भरलेल्या नदीचा घोष, सगळ्या लाकडी भिंतींना ऐकू येईल असा.

“लवकरच निघालो,” सीताकाकू धापा टाकत आत आल्या, मागून काठी टेकत दाजी, काकूंचे यजमान. “म्हटलं, मदत करू. एसटी पण लगेच मिळाली. ही कोण गो? मी म्हटलं मनालीच!”

“सरू आहे,” अनसूयाबाई म्हणाल्या. “होडीत बसायचंय तिला.”

“होडीत?” सीताकाकूंनी सरूला वरपासून खालपर्यंत पाहिलं, रागाने नाही, कौतुकानेही नाही. “पोर लहान आहे ना अजून हिची?”

दाजींनी बसता बसता विचारलं, “चहा आहे का गो सूनबाई? उपाशीपोटी निघालो.”

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. मनाली हेल्मेट घेऊन दारात उभी. “वहिनी, चल ना!”

“मी टाकतो चहा,” शरद म्हणाला आणि उठला. दाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो ओट्यापाशी जाऊन नुसता उभाच राहिला. मग त्याने चहाची पूड कुठे आहे ते विचारलं. मग आलं. मग दाजींना बिनसाखरेचा लागतो, हे काकूंनी सांगितलं.

“तू हो पुढे,” सरू मनालीला म्हणाली. “मी दुसऱ्या जीपने येते.”

चहा झाला. पोहे झाले. “बायको हुशार आहे हो तुझी,” दाजी शरदला म्हणाले आणि मग त्यांना वरचं धरण बघायची हुक्की आली. “इतकी वर्षं खांबात काढली, गाडीने कोणी नेलं नाही.” शरदने सरूकडे पाहिलं.

“अर्ध्या तासात परत. अनयलाही नेतो, म्हणजे तुला फक्त मैथिली. दहाच्या आधी मी इथे. नक्की.”

त्याचा चेहरा खरा होता. शरद कधी खोटं बोलत नाही. त्याच्या अर्ध्या तासावर त्याचा स्वतःचा पूर्ण विश्वास असतो.

गाडी गेली आणि मैथिली रडायला लागली. नवी जागा, नवी माणसं, रात्रीची अपुरी झोप. काकूंनी घेतलं तर ती जास्तच कळवळली. आजीकडे गेली, पुन्हा आईकडे झेपावली. सरू तिला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागली. कठड्यापाशी आलं की खाली झाडांतून पाणी दिसायचं, हिरवट-पांढरं, वळणावर दगडांवरून उसळणारं. एक राफ्ट गेली. माणसं किंचाळत होती. त्यांतल्या एका निळ्या हेल्मेटने हात वर केला. मनाली असावी. सरूने हात हलवला. मैथिलीने डोकं उचलून पाहिलं आणि ती पुन्हा खांद्यावर पडली.

हुंदके हळूहळू लांब लांब होत गेले. सरू खुर्चीत बसली. मैथिली झोपली. गाल ओले, तोंड अर्धवट उघडं, आणि एका मुठीत आईचा टीशर्ट धरलेला. कानामागून तोच वास येत होता, जन्मल्या दिवशी होता तो. सरूने तिथे ओठ टेकले.

हॉर्न वाजला.

शरद आला नव्हता. सरूने खिशातून फोन काढला, रेंज नव्हती. तिने हळूच मैथिलीची करंगळी सोडवली. मग तिच्या शेजारचं बोट. मधलं. मैथिलीने झोपेतच कण्हून पाचही बोटं पुन्हा मिटली, मघापेक्षा घट्ट.

“झोपली का गो?” अनसूयाबाई दारात आल्या. आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, “अगो, आत्ताच डोळा लागलाय. आत्ता उठवलीस तर दुपारपर्यंत रडेल. बघ बाई, तुझं तू. मी घेते, दे.” त्यांनी हात पुढे केले. त्यांचे गुडघे दुखतात, सकाळपासून त्या चार वेळा उठल्या होत्या. हात मात्र खरंच पुढे केलेले होते.

सरूने मैथिलीला उचलून द्यायला सुरुवात केली. मध्येच, दोघींच्या हातांवर, मैथिलीने डोळे उघडले. ती रडली नाही. नुसती आईकडे बघत राहिली, कुठे चाललीस, असं.

“असू दे आई,” सरू म्हणाली. “धरते मीच.”

दुसरा हॉर्न वाजला, लांबलेला. मग जीप गिअर बदलत चढावर गेली. आतून कुकरची शिट्टी झाली. सीताकाकू म्हणाल्या, “कितवी गो ही?” आणि सरूने बसल्या जागेवरून सांगितलं, “दुसरी, काकू. अजून एक होऊ द्या.”

शरद आला तो साडेअकराला. दाजींना वाटेत ओळखीचा कोणी भेटला होता, मग त्याच्या घरी जाणं झालं, मग सरबत. दारातूनच त्याने सरूचे कोरडे केस पाहिले.

“नाही गेलीस?”

तिने मान हलवली.

“अगं, मग...” तो थांबला. “चल. चल आत्ता. मी बोलतो त्या माणसाशी. आई, मैथिलीला बघ.”

बिरड्याचा वास सगळ्या कॉटेजभर झाला होता. “वाढायला घेऊ ना?” अनसूयाबाईंनी विचारलं, पण शरद सरूचा हात धरून पायऱ्या उतरत होता. लग्नानंतर बाहेर, चारचौघांत, त्याने तिचा हात धरल्याचं तिला आठवत नव्हतं.

खाली होड्या काठावर ओढून उलट्या टाकल्या होत्या. पाणी उतरायला लागलं होतं. दगडांची डोकी वर आली होती, त्यांच्यावर ओली रेघ दिसत होती. पाणी कुठवर होतं ते सांगणारी. मिथुन आणि त्याची माणसं जाकिटं धूत होती. मनाली उन्हात केस वाळवत बसली होती, ओठ निळे, चेहरा उजळलेला.

“वहिनी! काय होतं अगं! शेवटी पाण्यात सोडतात ना, नुसतं तरंगत यायचं. तू पण ना, निघून यायचं सरळ.”

“हो गं,” सरू म्हणाली.

“एक फेरी होईल का?” शरद मिथुनला विचारत होता. “जवळच्या जवळ. पैसे देतो वेगळे.”

“पैशाचं नाय दादा. पाणीच गेलं.” मिथुनने सरूकडे पाहिलं. “ताई, कालच्या ना तुम्ही? मी दोन हॉर्न दिले.”

“ऐकले.”

शरद कमरेवर हात ठेवून नदीकडे बघत राहिला. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं. खुंटीवरचं एक वापरायचं राहिलेलं जाकीट काढून त्याने सरूच्या अंगात चढवलं, पुढचे पट्टे आवळले, मनालीचं हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं, हातात वल्हं दिलं. “उभी राहा तिथे, पाण्याजवळ. मनाली, खालून काढ, दगड दिसता कामा नयेत. मागे ती धार येऊ दे. एकदम खरं वाटेल. बाबांना पाठवू गागोद्याला, खूश होतील.”

सरू पाण्याच्या कडेला उभी राहिली. जाकीट घट्ट होतं, श्वासाबरोबर दाबत होतं. पायांवरून थंड पाणी गेलं, घोट्याच्याही खाली.

“हस ना वहिनी.”

सरूने वल्हं दगडाला टेकवलं.

“नको.”

“अगं, मजा म्हणून,” शरद म्हणाला. “कोण विचारतंय?”

“कोणी नाही विचारणार, म्हणूनच नको.” ती शांतपणे बोलत होती, अनयचा अभ्यास घ्यावा तशी. “हा फोटो निघाला की मी जाऊन आले असं होईल. पुढच्या वेळी तुम्हीच म्हणाल, तू तर मागे बसलीस की होडीत. माझा नंबर राहिलाय. तो राहू दे.”

मनालीने मोबाइल खाली घेतला.

वरून अनसूयाबाईंची हाक आली, “सरू, पानं घेतलीत गो!” आणि तिच्यामागून मैथिलीचं रडणं. सरूने पट्टे एकेक करून सोडले, जाकीट काढलं आणि मिथुनकडे दिलं. समोर बांबूला बांधलेल्या दोरीवर सकाळची जाकिटं ओळीने टपटपत होती. बादलीतल्या साबणाच्या पाण्यात बुडवायला मिथुनने ते हातात घेतलं, चाचपलं आणि न धुताच दोरीच्या टोकाला अडकवलं.

सरू पायऱ्या चढू लागली.