बिनतक्रारीची लाईन

दिनानाथने हातातला कागद दोनदा वाचला आणि श्रेयससाहेबांच्या टेबलावर उलटा करून ठेवला.

“साहेब, ह्यात काय लिवलंय ते तोंडानं सांगा.”

श्रेयस हा इंटरनेट कंपनीच्या पेण ऑफिसचा इंजिनियर. वय तिशीच्या आत, बोलणं मऊ. असल्या बातम्या सांगायला कंपन्या मऊ बोलणारीच माणसं पुढे करतात.

“काका, आता कुठल्या लाईनवर किती माणसं लागणार ते एआय ठरवतं. तीन वर्षांच्या तक्रारी त्याला दिल्या होत्या. तुमच्या कोलाड-खांब पट्ट्यात तीन वर्षांत तक्रारीची फक्त चार टिकिटं निघाली. म्हणून तिथे कायमचा माणूस नको, असं आलंय. या महिनाअखेरपर्यंत...”

“टिकिटं नाय निघाली, कारण मी लाईन बंद पडूच दिली नाय!”

शेजारच्या टेबलावरची मुलगी मान वर करून बघायला लागली. दिनानाथला त्याचं काही वाटलं नाही. सोळा वर्षं तो रोज सकाळी सहाला मोटरसायकल काढत होता. हायवेच्या कडेने जमिनीतल्या केबलच्या एकेका चेंबरचं झाकण उचलायचं, केबल कुठे दुखावली असेल तर गिऱ्हाइकं उठायच्या आत नवा जोड मारायचा, आणि घरी येऊन न्याहारी करायची. नोंद? कसली डोंबलाची नोंद! टिकिट निघणं म्हणजे आपल्या हद्दीत लाईन पडली असं चारचौघांत कबूल करणं. ज्या जुन्या लाईनमनांच्या हाताखाली तो शिकला त्यांना टिकिट निघालं की दिवसभर जेवण गोड लागायचं नाही.

“आणि रोह्याच्या प्रणितला ठेवलाय?”

“त्याची महिन्याला तीस टिकिटं असतात, काका. सगळी सोडवलेली. त्याचं काम सिस्टीमला दिसतं.”

दिनानाथ हसला. प्रणित पोरगा वाईट नव्हता, पण लाईन पडल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचा नाही. आता तोच कामसू ठरला होता.

“पन्नाशीला आलोय साहेब. ह्या कामाशिवाय मला दुसरं काय येत नाय. कुठं जाऊ?”

श्रेयसने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“महिनाअखेरीला पुन्हा आकडे घेणार आहेत. तोवर तुमच्या पट्ट्यात टिकिटं निघाली, ती तुम्ही सोडवलेली दिसली, तर मला वर बोलता येईल. मी काही सांगितलं नाही हं.”

तिसऱ्या दिवशी सकाळी खांब गावाच्या अलीकडे, रस्त्याखालच्या मोरीजवळ दिनानाथने चेंबरचं झाकण उचललं आणि तो तिथेच उकिडवा बसला. उंदरांनी केबलचं काळं कवच कुरतडलं होतं. आतले धागे अजून शाबूत होते, पण दोन दिवसांच्या वर ते टिकणार नाहीत हे त्याला दिसत होतं. हात सवयीने कटरकडे गेला. त्याने तो मागे घेतला, झाकण लावलं आणि घरी आला. न्याहारीची भाकरी त्याने तशीच झाकून ठेवली. स्वतःची इतकी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

दोन दिवसांनी, सकाळी साडेदहाला लाईन पडली. दिनानाथ ओट्यावर मोबाईल समोर ठेवून बसला. आता टिकिट येईल, मग उठायचं, असं त्याने ठरवलं होतं. टिकिट आलं नाही. रेशनच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन त्याची बायको सगुणा मात्र आली.

“मशीन अंगठा घेत नाय. नेट गेलाय म्हणतात. मैनाआत्या सकाळपासून उन्हात उभी हाय, पाय सुजलेत तिचे. आणि तुम्ही हितं बसलाय?”

“टिकिट येऊ दे, मग जातो.”

“टिकिट? अवो, तुम्हाला कधीपासून टिकिट लागायला लागलं?”

तेवढ्यात मोबाईल वाजला. प्रणित होता.

“काका, खांबचं टिकिट मला पडलंय. सिस्टीम दाखवते तिथं उभा हाय, पण हितं नुसतं भाताचं शेत. चेंबरच नाय. कुठं बघू?”

म्हणजे टिकिटही ज्याने जास्त टिकिटं सोडवली त्यालाच जात होतं. दिनानाथच्या नावापुढे होतं काय, चार! आणि सिस्टीमला जागा सापडणार तरी कशी? प्रत्येक मोरीखाली त्याने जादा केबलची वेटोळी ठेवली होती, पुढेमागे तुटली तर ओढून घेता यावी म्हणून. बिघाड शोधणारं मशीन वेटोळ्यांसकट केबलची लांबी मोजतं, म्हणून रस्त्यावरची जागा पुढची दाखवतं. कुठल्या मोरीखाली किती वेटोळी आहेत ते एकट्या दिनानाथला ठाऊक होतं.

‘बस शोधत,’ असं म्हणायला तोंड उघडलं होतं त्याने. सगुणा अजून पिशवी धरून दारातच उभी होती.

“थांब तिथंच,” तो म्हणाला. “मी येतो.”

जोड त्यानेच मारला. प्रणितने नुसती छत्री धरून जोड मारायच्या मशीनवर सावली केली. दिवा हिरवा झाल्यावर प्रणितने मोबाईलवर टिकिट बंद केलं आणि ओशाळून म्हणाला,

“काका, तुमचं नाव घालता येत नाय ओ ह्याच्यात. नायतर आईशप्पत घातलं असतं.”

“ऱ्हाऊ दे. जा तू.”

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रेयसचा फोन आला.

“काका, तुमच्यासाठी मी आज वर शब्द टाकला होता. त्यांनी कालचंच टिकिट पुढे केलं. खांबची लाईन पडली आणि बाहेरच्या माणसाने ती एक्केचाळीस मिनिटांत सुरू केली. या महिन्यातला जिल्ह्यातला सगळ्यात कमी वेळ. तिथे कायमचा माणूस हवा, असं मी आता कुठल्या तोंडाने सांगू?”

आत सगुणा रेशनचे तांदूळ निवडत होती.

“काका, ऐकताय ना? वाईट वाटून घेऊ नका. प्रणितने काम खरंच चांगलं केलंय.”

“व्हय साहेब,” दिनानाथ म्हणाला. “जोड चांगला बसलाय. मी बघितलाय.”