टोक उंचीकडे

माझी भाची भिंगरी अकरावीला भूगोल घेऊन बसली ती माझ्याच जिवावर. मावशी शिकवते म्हणजे मार्क घरचेच, असा तिचा हिशेब. सहलीच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला. नेतेस तशी धड परत आण, एवढंच तिने बजावलं.

पोरगी हुशार, पण समोच्च रेषांशी तिचं काय वाकडं होतं देव जाणे. नकाशात सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या या रेषांच्या वळणाचं टोक उंच भागाकडे गेलं की दरी, सखल भागाकडे गेलं की डोंगराची सोंड. इतकं साधं. वर्षभर मी घसा कोरडा केला आणि वर्षभर तिने दरीला सोंड आणि सोंडेला दरी म्हटलं. माझी लाल पेनं तिच्यापायी संपली.

सहलीच्या दिवशी डोंगराच्या माथ्यावर मी वर्गातल्या मुलींच्या जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला नकाशा दिला. दरीतल्या ओढ्याच्या कडेने उतरायचं, खाली पुलाजवळ बस उभी आहे. शेजारच्या सोंडेवर पाऊल टाकायचं नाही, ती दगडाच्या खाणीवर संपते आणि तिथे कडा तुटलेला आहे. भिंगरी आणि तिची मैत्रीण सगळ्यांच्या शेवटी निघाल्या. त्या गेल्यावर मी गाडीरस्त्याने खाली आले.

बाकीच्या जोड्या आल्या, या दोघींचा पत्ता नाही. फोन लागेना. ड्रायव्हर म्हणाला, येतील हो बाई, गप्पा मारत असतील. माझी नजर मात्र सोंडेकडे गेली. सोंडेवर जाऊ नका म्हटलं खरं, पण सोंड कोणती हेच जिला वर्षभर कळलं नाही, तिला बजावून उपयोग काय, कपाळ?

ड्रायव्हरला मुलींपाशी थांबवलं आणि मी सोंड चढू लागले. या वयात, या गुडघ्यांनी. दरीकडे बघितलंसुद्धा नाही. खाणीच्या काठाशी पोचले तेव्हा वाकून बघायची हिंमत होईना. शेवटी बघितलं. खाली दगड होते, साचलेलं पाणी होतं, बाकी काही नाही. त्या पाण्याकडे किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मग जिवाच्या आकांताने हाक मारली.

उत्तर भलतीकडून आलं, पलीकडच्या दरीतून.

"मावशी, इकडे!"

सहलीतसुद्धा मला बाईच म्हणायचं असा माझा नियम. तो गेला खड्ड्यात. काटेकुटे न बघता मी ओढ्यात उतरले. मैत्रिणीचा पाय मुरगळला होता आणि भिंगरी तिला खांद्याचा आधार देत एकेक दगड पार करत होती. नकाशा दातात धरलेला. मी आधी तिला मिठी मारली, मग पाठीत धपाटा घातला, मग पुन्हा मिठी मारली.

"टोक उंचीकडे, म्हणजे दरी," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून, "पण तू तिकडे सोंडेवर काय करत होतीस?"

तिला उमगायला वेळ लागला नाही.

"म्हणजे मी चुकणार हे तू धरूनच चालली होतीस?"

"हो," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. इतकं हलकं वाटत होतं की खोटं बोलायचंही सुचलं नाही. ती जरा फुगली, मग हसली. आम्ही मैत्रिणीला मध्ये घेतलं आणि सावकाश पुलापर्यंत आलो.

बस निघाल्यावर फोनला रेंज आली. ताईने पहिलाच प्रश्न टाकला, वाट चुकली का गं पोरगी? भिंगरी शेजारी कान देऊन बसली होती.

"ती नाही गं," मी म्हटलं. "मीच चुकले."