शून्यावर संपणारे आकडे

धाकटी सून चार दिवस भिंतीकडे बघत जेवत होती आणि सासूबाईंना हे मुळीच खपत नव्हतं. त्यांच्या मते भांडणारी सून परवडली. मुकी सून म्हणजे झाकलेलं पातेलं, आत काय शिजतंय कळायची सोय नाही.

शेवटी लेकाला फैलावर घेतलं तेव्हा उलगडा झाला. सून औषधांच्या कंपनीत ब्लडप्रेशरच्या नव्या औषधावर नऊ वर्षं राबत होती. सहा महिन्यांतून एक इंजेक्शन, रोजच्या गोळ्यांची कटकट नाही. सासूबाईंचं प्रेशर चार-चार गोळ्यांना दाद देत नव्हतं, त्यामुळे त्या या औषधाकडे डोळे लावून बसल्या होत्या. चार घरी सांगूनही झालं होतं. आता शेवटची तपासणी चालू होती: निम्म्या पेशंटना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी, आणि कुणाला काय टोचलं ते ना पेशंटला ठाऊक ना डॉक्टरला. तेवढ्यात एका दवाखान्याच्या कागदांत सुनेला खोट दिसली. तिथला प्रेशरचा प्रत्येक आकडा शून्यावर संपत होता. एकशे तीस, एकशे चाळीस. नर्सबाई अंदाजाने गोल आकडा लिहून मोकळ्या होत होत्या. ते पेशंट वगळून नवे घ्यायचे, तर औषध दीड वर्ष लांबणार. साहेब म्हणत होते, चालवून घे. उद्या सुनेला उत्तर द्यायचं होतं आणि सासूला कुठल्या तोंडाने सांगू, हे तिला सुचत नव्हतं.

सासूबाईंनी काहीच कळलं नसल्यासारखं दाखवून प्रेशर मोजायला सुनेपुढे दंड केला. सुनेने पाठ टेकायला लावली, पाय जमिनीवर ठेवायला लावले आणि पाच मिनिटं बोलू दिलं नाही. एवढा वेळ गप्प बसायची वेळ त्यांच्यावर लग्नातसुद्धा आली नव्हती. तीनदा मोजून सुनेने शेवटचा आकडा लिहिला, एकशे अडुसष्ट.

"एकशे सत्तर लिही की. दोनाने काय आभाळ कोसळतंय?"

"नाही आई. अडुसष्ट आहे तर अडुसष्टच."

सासूबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. सख्ख्या सासूसाठी दोन आकडे न हलवणारी ही बाई साहेबासाठी काय हलवणार होती? त्यांनी बाही खाली ओढली.

"दीड वर्षात मी काही मरत नाही. साहेबाला उद्या ठणकावून नाही म्हण. तुझ्या हातचं औषध मी डोळे मिटून टोचून घेईन, पण ते तू मोजलेलं पाहिजे. माझ्या घरात माझ्यापेक्षा हट्टी कुणी येईल असं वाटलं नव्हतं, पण आलीस बाई."