अध्यक्षबाईंनी दिलेला शब्द

दत्तात्रय टोकेकर हात जोडून माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्यांना साधं पाणीही विचारलं नाही.

उज्जैनच्या नानाखेड्याजवळच्या आमच्या कॉलनीचे ते अकरा वर्षं अध्यक्ष होते. ड्रेनेजची लाईन अरुंद. गल्ली उकरून मोठा पाईप टाकणं हाच खरा इलाज. पण हे महाशय दरवर्षी गणपतीच्या आधी चेंबरमध्ये बांबू फिरवून घ्यायचे. दहा दिवस वास दबायचा आणि शेवटी शाल त्यांच्याच खांद्यावर पडायची. माझे यजमान, बापू, तेव्हा सेक्रेटरी होते. पाईप बदला म्हणून त्यांनी तीनदा लेखी दिलं. टोकेकरांनी तिन्ही कागद दाबून ठेवले.

एका वर्षी महाप्रसादाची भांडी नेहमीसारखी त्याच चेंबरवर घासली. भाताची पेज, तूप, सगळं आत गेलं आणि पंगत अर्ध्यावर असताना घाण पाणी थेट पानांपर्यंत आलं. टोकेकर सगळ्यांसमोर ओरडले, "देखरेख बापूंची होती. लापरवाही इनकी है!" बापू भरल्या पानावरून उठले. पुन्हा त्या पंगतीला कधी बसले नाहीत आणि दोन वर्षांनी गेलेच. मी तेव्हाच ठरवलं होतं, या माणसाला सोडायचं नाही. यंदा अध्यक्षपदाला उभी राहिले ती त्यासाठीच. लोक समाजसेवा म्हणतात, म्हणू देत.

निवडून येताच मी ठेकेदार शोधला. सिंहस्थाच्या कामांमुळे उज्जैनात ठेकेदार मिळणं मुश्किल. हा सोडला तर दोन वर्षं दुसरा येणार नव्हता. काम तीन आठवड्यांचं. आणि टोकेकरांच्या नातीचं, निहारिकाचं लग्न दहा दिवसांवर, घरासमोरच्या मांडवात.

"वहिनी, अभी बांबू चलवा दो," ते म्हणाले. "लग्न निपटू द्या, मग खोदा जितकं खोदायचं तितकं. इंदूरचे व्याही आहेत, इज्जतीचा सवाल आहे."

"इज्जत बापूंनाही होती," मी म्हटलं. "उद्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगा, चूक कुणाची होती ते. मग बांबू फिरवते."

"पक्कं?"

"शब्द देते."

दुसऱ्या दिवशी टोकेकर खरंच उभे राहिले. मान खाली घालून म्हणाले, "बापूंनी तीन वेळा लिहून दिलं होतं. मीच टाळलं. पंगतीत त्यांच्यावर ढकललं, ती गलती माझी." माझे डोळे भरून आले. पण मी लगेच पुसले, कारण माझं काम अजून अर्धंच झालं होतं.

"ऐकलंत ना?" मी उठले. "इतकी वर्षं नुसती मलमपट्टी चालली, हे यांनी स्वतः सांगितलं. अजून दोन वर्षं हेच चालवायचं, की उद्यापासून खोदायचं? हात वर करा."

सगळे हात वर गेले. टोकेकर पांढरे पडले. "वहिनी, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता," मी म्हटलं. "गरजेपुरता."

टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, अध्यक्ष असावा तर असा, दूरचं बघणारा. मी दूरचं काही बघत नव्हते, मी टोकेकरांचा चेहरा बघत होते.

सकाळी सातला मशीन आलं. ठेकेदाराचा इंजिनिअर रोहन नकाशा घेऊन माझ्याजवळ आला. "काकू, आपण मेन रोडच्या टोकापासून सुरू करतो. पाणी वाहायला ढाळ नीट मिळतो. टोकेकर काकांच्या घरापर्यंत यायला पंधरा दिवस लागतील. तोवर त्यांचं लग्नही आरामात होऊन जाईल."

म्हणजे नवा पाईपही झाला असता आणि मांडवही उभा राहिला असता. वरच्या खिडकीत निहारिका उभी होती. हातात चहाचा कप, खाली काय चाललंय ते बघत.

"टोकेकरांच्या फाटकापासून सुरू करा," मी रोहनला म्हटलं.