कूस बदलल्यावर

रमजानातली दुपार कलली होती. अलेक्झांड्रियाच्या त्या रुग्णालयात बसियुनीकाकांना उजव्या फुफ्फुसातली गाठ काढायला टेबलावर घेतलं, तरी त्या निवृत्त ट्राम-कंडक्टरच्या तोंडाचा पट्टा चालूच.

"म्हणजे उजवं फुफ्फुस मिटवून ठेवणार आणि सगळा भार डाव्यावर? आमच्या घरीही असंच आहे, बाई. राबते ती बायको."

भूल देणाऱ्या निहालने हसत हसत त्यांना झोपवलं आणि दोन वाटांची नळी श्वासनलिकेत उतरवली, प्रत्येक फुफ्फुसाला वेगळी वाट. बारीक दुर्बिणीतून पाहिलं, नळी चोख बसली होती. मग काकांना डाव्या कुशीवर वळवलं. कूस बदलली की नळी सरकते, म्हणून पुन्हा पाहायचं असा नियम. तिने दुर्बीण उचलली.

"पुन्हा? अगं, नळी आहे की नवी नवरी? किती वेळा तोंड बघशील!" सर्जन बहगत म्हणाले. "सूर्य मावळून मगरिबची बांग व्हायच्या आत घरी पोचायचंय मला. सासूबाई जेवायला आहेत."

सगळे हसले. निहालही हसली आणि तिने दुर्बीण खाली ठेवली.

उजवं फुफ्फुस छान मिटलं, गाठ समोर आली. बहगत खूश. "बघ, उगाच घाबरतेस."

पण रक्तातला प्राणवायू नव्वदच्या खाली आला आणि उतरतच राहिला. हवा ढकलायला यंत्राला जोर पडू लागला.

"सर, हात थांबवा."

"एका फुफ्फुसावर एवढं घसरायचंच. रक्तवाहिनी मोकळी करतोय, जरा दम धर."

"दम काकांना नाही, सर. नळी आत सरकली असणार. वळवल्यावर मी बघितलीच नाही. दोन्ही फुफ्फुसं चालू करतेय, हात बाहेर घ्या."

बहगतांनी हात काढले. मिटलेलं फुफ्फुस फुगून जखमेच्या तोंडाशी आलं आणि आकडा सावरला. निहालने दुर्बीण घातली. नळीचं टोक डावीकडे खोल शिरून वरच्या भागाची वाट अडवून बसलं होतं. तिने नळीला जागी धरणारे फुगे सैल केले, ती किंचित मागे ओढली, फुगे पुन्हा भरले, पुन्हा पाहिलं. मग उजवी वाट बंद केली.

बहगत हात छातीशी धरून उभे. "येऊ का आत, बाईसाहेब?"

"मिटू द्या आधी."

"मिटलं की."

"अजून नाही."

"परीक्षकासमोरसुद्धा इतका गप्प उभा राहिलो नव्हतो मी."

"म्हणूनच तुम्हाला पास केलं असेल त्यांनी, लवकर सुटका व्हावी म्हणून."

आकडा एका जागी टिकला. तरी तिने आणखी थोडं थांबवलं त्यांना.

"या," ती म्हणाली.