तेलाशिवाय हैफा

टेंडरच्या, म्हणजे छोट्या उघड्या ट्रकच्या, बॉनेटवर नवसाच्या मलिद्याचं ताट ठेवलं होतं. भिजवलेले गोड पोहे, खवलेलं खोबरं, वर पाच फळं आणि मधोमध गुलाबाचं फूल. बॉनेटखाली इंजिन चालू होतं, त्यामुळे ताट थरथरत होतं आणि द्राक्षं एकेक करून खाली घरंगळत होती. इस्राएलमधल्या लोदच्या बाजारामागच्या मैदानात जमलेल्या गर्दीला त्या द्राक्षांचं काही नव्हतं. सगळ्यांचे डोळे टेंडरखालच्या बालदीकडे लागले होते. इंजिनातलं सगळं तेल त्या बालदीत होतं. इंजिनात थेंब नव्हता, आणि तरी ते चालत होतं.

"बघा, जंटलमन, बघा!" अबाजीने दोन्ही हात वर केले. "तेल गेलं, जान राहिली! त्या बालदीत काय आहे? इंजिनाचं जुनं पाप. मी काढून टाकलं. आता म्हणा नबीचं गाणं. गाणं संपेपर्यंत हे इंजिन बंद पडलं, तर अबाजी नाव लावणार नाही."

लोक गायला लागले. मलिद्याच्या वेळी म्हणतात तेच गाणं, ठाण्यापनवेलहून आलेल्या म्हाताऱ्या आवाजांत. शेवटचं कडवं संपलं, अबाजीने मान झुकवली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. बायकांनी डोळे पुसले.

पर्लने डोळे पुसले नाहीत. तिचं लक्ष पोह्यांकडे होतं. हे पोहे मुंबईहून बोटीने येतात, नातेवाइकांना पत्रावर पत्रं घालावी लागतात. ते आता पेट्रोलच्या वासाने माखले होते. भायखळ्याच्या शाळेत वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलेली ही बाई लोदच्या शाळेतही तेच शिकवायची. तिच्या हिब्रूला मुली हसत, पण प्रयोगाला हसत नसत.

अबाजी जवळच्या पेताह तिक्वा गावात राहायचा. आपण पुण्याला मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये होतो, असं सांगायचा. तिथे काय होता, ते दर वेळी बदलायचं. विकायचा मात्र एकच वस्तू: पत्र्याच्या डब्यातलं 'एलियाहू तेल'.

"दुष्काळात एलियाहू नबी विधवेच्या घरी गेले," तो सांगे. "तिच्या कुपीत घोटभर तेल. नबीचा शब्द पडला आणि ती कुपी कधी रिकामी झाली नाही. तोच गुण या डब्यात आहे. हे इंजिनात ओता. ते लोखंडात मुरतं, मुरांब्यात साखर मुरते तसं. पिस्टनची झिजलेली रिंग भरून येते. मग तेल असलं काय, नसलं काय!"

मुंबईत असता, तर लोक हसून पुढे गेले असते. पण एलियाहू नबीचं नाव घेतलं की बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू माणूस, आधी डोक्यावर टोपी ठेवतो आणि मग विचार करतो. बाळंतपण असो, परीक्षा असो, बोटीचा प्रवास असो, नवस त्याच्याच नावाचा. अबाजीला हे पक्कं ठाऊक होतं. डब्यात काय भरायचं यापेक्षा डब्यावर कोणाचं नाव घालायचं, याचा त्याने जास्त विचार केला होता.

आणि मग त्याने पर्लच्या काळजाला हात घातला.

"आता मोठा पुरावा!" तो ओरडला. "येत्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी बिन्यामिनचा ट्रक हैफ्याला जाणार. एलियाहू नबीच्या गुहेपर्यंत. मागे आपली माणसं, मांडीवर मलिद्याची ताटं आणि इंजिनात तेलाचा थेंब नाही! काय बिन्यामिन?"

बिन्यामिन पर्लचा धाकटा भाऊ. त्याने छाती फुगवून हात वर केला. टाळ्या पडल्या.

त्याचा ट्रक म्हणजे त्याचं घर होतं, म्हणायला हरकत नाही. त्यावर तो बागांमधली संत्री वाहून न्यायचा आणि चुलीवर भांडं चढायचं. ट्रक म्हातारा झाला होता. निळा धूर सोडायचा, चढावर खोकायचा. इंजिन उघडून रिंगा बदलायला हव्या होत्या, पण संत्र्यांच्या हंगामात ट्रक उभा कोण ठेवणार? त्यात अबाजीचा डबा ओतला आणि खरंच धूर कमी झाला, आवाज मऊ झाला. पर्लने स्वतः पाहिलं होतं. म्हणूनच नुसतं 'थोतांड' म्हणून भागणार नव्हतं.

"बिन्या, तेल काढून हैफ्याला गेलास तर इंजिन वाटेतच मरेल," ती घरी म्हणाली. "मग रिंगांचा प्रश्नच उरणार नाही. इंजिनच उरणार नाही."

"ताई, तू समोर उभी होतीस. चाललं की नाही?"

"चाललं."

"मग?"

"उभं राहून चाललं. अबाजीने एकदा तरी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला?"

"वन्सं, नबीच्या कामात परीक्षा घेऊ नये," बिन्यामिनची बायको हाना म्हणाली. तिने नवस बोलला होता.

"परीक्षा नबीची नाही गो, अबाजीची."

कोपऱ्यात बसून बुटांना पॉलिश करणारी दालिया, बिन्यामिनची मुलगी, सैन्यातून सुट्टीवर आली होती. तिने मान वर न करता हिब्रूत एकच शब्द टाकला, "श्तुयोत." म्हणजे, मूर्खपणा.

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नको," बिन्यामिन म्हणाला. "शब्द दिलाय मी. चार माणसांत दिलाय. आता मागे फिरलो, तर लोक म्हणतील बिन्यामिनचा नबीवर विश्वास नाही."

पर्लला उमगलं. भाऊ इंजिनाला भ्यायला नव्हता, लोकांना भ्यायला होता. मग त्याला एकट्याला समजावून उपयोग नव्हता. लोकांसमोरच काहीतरी करायला हवं होतं.

ती येहेझकेलच्या भंगारखान्यात गेली. वितळवायला जाणाऱ्या गाड्यांचा तिथे ढीग होता. तिने खिडकीची एक काच मागितली, तिरकी धरली आणि वरच्या कडेला दोन थेंब ठेवले. एक बिन्यामिनकडच्या एलियाहू तेलाचा, दुसरा येहेझकेलच्या डब्यातल्या गिअरच्या जाड तेलाचा. दोन्ही थेंब मुंगीच्या गतीने, अगदी शेजारी शेजारी खाली आले.

येहेझकेलने एलियाहू तेलात बोट बुडवून नाकाशी नेलं. "पर्लबाई, माझ्या तेलाला गुलाबाचा वास नाही, एवढाच फरक."

"येहेझकेलभाऊ, एक मेलेली गाडी हवी. जिचं इंजिन अजून सुरू होतं, अशी. परत मिळेल असं सांगत नाही."

"मेलेलीच आहे ना, घेऊन जा. रडणारं कोणी नाही तिला."

पुढच्या शुक्रवारी मैदान आणखी भरलं. अबाजीने टेंडर आणलं, तेल बालदीत सोडलं, ताट बॉनेटवर चढलं. तेवढ्यात येहेझकेलने दोरीने ओढत एक गंजकी गाडी शेजारी आणून उभी केली. तिला एकच दार होतं.

"हा काय कचरा आणलाय?" अबाजीने विचारलं.

"हीही नबीच्या गाण्याला आली आहे," पर्ल म्हणाली. "हिने एलियाहू तेल कधी पाहिलेलं नाही. येहेझकेलभाऊ, तेल काढा."

सगळ्यांसमोर तेल काढलं. दुसरी बालदी भरली. दोन्ही इंजिनं सुरू झाली. अबाजी म्हणाला, "हा अपमान आहे." पण लोकांना आता मजा वाटू लागली होती. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं कडवं. टेंडर चाललं. गंजकी गाडीही चालली. शेवटच्या कडव्याला गाणाऱ्यांचे आवाज बारीक होत गेले, कारण गाडीचा आवाज ऐकायचा होता. गाणं संपलं. भंगार गाडी तशीच फटफटत उभी होती.

कोणीतरी म्हणालं, "अगो, हिच्यातही नबी आला की काय?"

हशा झाला. हाना हसली नाही. ती गंजक्या गाडीकडे बघत राहिली.

"नबी नाही," पर्लने दोन्ही इंजिनं बंद करवली. "तेल काढलं तरी लोखंडाला पातळ थर चिकटून राहतो. गाडी उभी असेल, इंजिन हळू चालत असेल, तर त्या थरावर ते थोडा वेळ निभावतं. कुठलंही इंजिन. म्हणून अबाजी पाय लावत नाहीत आणि गाणं संपलं की लगेच किल्ली फिरवतात. ओझं घातलं, वेग दिला, की थर जळतो आणि लोखंड लोखंडाला पकडतं."

"आणि माझ्या ट्रकचा धूर?" बिन्यामिनने विचारलं.

"डब्यात गिअरचं जाड तेल आहे आणि गुलाबाचा वास. जाड तेल झिजलेल्या फटीत काही दिवस टिकतं, धूर कमी होतो, आवाज दबतो. तेवढं खरं आहे. पण झिजलेलं लोखंड डब्यातून परत येत नाही. फाटक्या चपलेत पुठ्ठा घातला म्हणून तळ नवा होत नाही."

"श्रद्धा नाही तिथे तेल काम करत नाही!" अबाजी गरजला. "मी या जागी थांबणार नाही. शब्बाथ जवळ आला, सूर्यास्ताच्या आत घरी पोचायला हवं."

"अख्खी दुपार आहे अजून," हाना पहिल्यांदाच बोलली. ती टेंडरखाली वाकली, तेलाची बालदी ओढून काढली आणि पाटावर बसावं तशी तिच्यापुढे बसली.

अबाजीने टेंडरचं दार उघडलं. मग बालदीकडे पाहिलं. मग दार लावलं.

"वहिनी, ती बालदी द्या."

"कशाला?"

"गाडीत घालायचंय."

"पण ते तर जुनं पाप ना?" हाना म्हणाली. "पाप परत कशाला मागता? तुमच्या टेंडरमध्ये तर नबीची कुपी मुरली आहे. माझा नवरा हैफ्याला जाणार होता. तुम्हाला नुसतं पेताह तिक्वाला जायचंय."

अबाजी टेंडरमध्ये बसू शकत होता. किल्ली त्याच्या हातात होती. त्याने आधी गर्दीकडे आणि मग रस्त्याकडे पाहिलं. शेवटी खिशातून नरसाळं काढलं. ते खिशातच होतं, हे सगळ्यांनी पाहिलं.

हानाने बालदी पुढे सरकवली. अबाजीने सगळं तेल इंजिनात परत ओतलं. शेवटचा थेंब पडावा म्हणून बालदी उलटी करून झटकलीसुद्धा. मग तो गेला. डबे विसरला, आणि ते मागायला पुन्हा कधी आला नाही.

रविवारी बिन्यामिनचा ट्रक रिंगा बदलण्यासाठी येहेझकेलकडे इंजिन उघडून उभा होता, आणि नवसाची माणसं बसने हैफ्याला निघाली होती. मलिद्याची ताटं मांडीवर होती. हानाने पर्लसाठी जागा धरून ठेवली होती.

"वन्सं, नबी रागावले असतील का हो?"

"त्यांच्या नावावर गिअरचं तेल विकणाऱ्यावर रागावले असतील. आपल्यावर कशाला?"

पुढच्या बाकावरून बिन्यामिन वळला. "ताई, पुन्हा असा कोणी आला तर ओळखायचं कसं? दर वेळी तू थोडीच असणार."

"मी कशाला हवी?" पर्ल म्हणाली. "चमत्कार दाखवला की एवढंच विचारायचं: हा डबा ओतला नसता, तर काय झालं असतं? आणि एक गाडी डब्याशिवाय शेजारी उभी करायची. ज्याला ती शेजारची गाडी नको असेल, त्याचा डबा घ्यायचा नाही."

बिन्यामिनने मान डोलावली. मग ड्रायव्हरकडे वळून, मोडक्या हिब्रूत, त्याने विचारलं की बसमध्ये तेल आहे ना.

ड्रायव्हरने आरशातून त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "तेलाशिवाय बस चालते का?"

"नाही," बिन्यामिन म्हणाला आणि समाधानाने मागे टेकला.